तीन बोटांची परीक्षा : सुपारी, सवयी आणि कर्करोग



या अंकात आम्ही वार्षिक परीक्षेच्या तयारीविषयी लिहिणार होतो. तो लेख तयारही होता. पण गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गाची झाडलोट करताना बाकांच्या खणांतून रंगीत पुड्या निघाल्या. एक-दोन नाही, मोजून चौदा. गुटख्याच्या नव्हत्या, गोड सुपारीच्या होत्या. मुलांना ऑफिसात बोलावून विचारपूस केली, तेव्हा त्यांतला एक जण अगदी सरळ मनाने म्हणाला, "सर, ह्यात तंबाखू नाहीये. आमच्या घरी आजीपण खाते."

आम्ही त्याला रागावणार होतो, पण तेवढ्यात त्याची नजर कुठे गेली ते आमच्या लक्षात आले. ज्या टेबलामागे आम्ही बसलो होतो त्याच टेबलावर पाहुण्यांसाठी ठेवलेली स्टीलची तबकडी होती. तिच्या एका कप्प्यात बडीशेप, दुसऱ्यात कातरलेली सुपारी. ही तबकडी आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळापासून तिथे आहे आणि आम्हीही ती रोज भरून घेत आलो. त्या दिवशी मुलांना काही न बोलता वर्गात परत पाठविले. त्यानंतर जे वाचले आणि शाळेच्या डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांना जे विचारून घेतले, ते इथे लिहीत आहोत. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे शास्त्राचे शब्द मराठीत आणताना कुठे अडखळलो असू तर सांभाळून घ्यावे.

कर्करोग म्हटले की आपल्या मनात दोन विचार येतात. एक, हे नशिबाचे आहे. दुसरा, हे घराण्यात असते. घराण्याचा भाग असतो हे खरे, पण बहुतेक रोग्यांच्या बाबतीत तो थोडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्यासारखे असतात. म्हणजे त्यांची मुळे आपण काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, कोणत्या हवेत राहतो आणि कोणत्या संसर्गापासून स्वतःला वाचवीत नाही, यांत असतात.

ही गोष्ट पहिल्यांदा फार जुन्या काळी कळली. १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवले की धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग होतो. हे कामगार लहानपणीच धुराड्यांत उतरविले जात. अंगाला काजळी माखलेली, आंघोळ क्वचित. काजळी त्वचेच्या घड्यांत वर्षानुवर्षे साचून राही. पॉट यांनी बोट काजळीवर ठेवले. काजळीत नेमके काय असते हे कळायला मात्र दीडशे वर्षे गेली. १९१५ मध्ये जपानचे यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून तिथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला, आणि पुढे १९३० च्या दशकात लंडनमध्ये डांबरातून बेन्झोपायरीन हा पदार्थ वेगळा काढण्यात आला. तोच पदार्थ आज विडी-सिगारेटच्या धुरात आहे आणि चुलीच्या धुरातही आहे.

काजळीपासून चघळण्यापर्यंतची गोष्ट आपल्या देशात एका मराठी माणसाने पुढे नेली. मुंबईचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात कर्करोगाचे तीन प्रकार लोकांच्या चालीरीतींशी जोडून दाखविले होते. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसून जिथे त्वचा सारखी घासली जाते, तिथे होणारा एक. चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा दुसरा. आणि तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठामागे दाबून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी होणारा तिसरा. सवय जिथे, रोग तिथे. निबंध इंग्रजीत आहे, पण त्यातली दृष्टी अगदी घरगुती आहे असे आम्हाला वाटते. त्यांनी माणूस कुठे राहतो याबरोबर तो धोतर कसे नेसतो हेही विचारले. (धोतराचा तो प्रकार फारच विरळा आहे. साडीच्या परकराच्या नाडीनेही असे क्वचित होते अशा बातम्या मधे आल्या होत्या आणि आमच्याकडे काही माता घाबरून विचारायला आल्या होत्या. घाबरण्याचे कारण नाही. नाडीच्या जागी बरी न होणारी जखम मात्र डॉक्टरांना दाखवावी.)

आता हे घडते कसे ते थोडक्यात. आपल्या शरीराच्या पेशी सतत विभागत असतात. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी तर फार लवकर बदलतात, म्हणूनच गरम चहाने पोळलेली जीभ दोन-चार दिवसांत बरी होते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीतल्या जनुकांची नक्कल केली जाते. वही उतरवून घेताना जशा चुका होतात तशा इथेही होतात, आणि शरीर त्यांतल्या बहुतेक दुरुस्त करते. कर्ककारक पदार्थ दोन प्रकारे घात करतात. काही थेट जनुकांत चुका घालतात. काही एकाच जागी सारखी इजा करून पेशींना पुन्हापुन्हा विभागायला लावतात, म्हणजे नक्कल वाढली आणि चुकाही वाढल्या. एका चुकीने कर्करोग होत नाही. योग्य त्या अनेक चुका एकाच पेशीत साचाव्या लागतात, आणि त्याला बहुधा दहा, वीस, तीस वर्षे लागतात. आठवीतल्या मुलाच्या पुडीकडे आम्ही इतक्या गंभीरपणे पाहतो ते याच हिशेबामुळे. तेराव्या वर्षी सुरू झालेल्या सवयीला पस्तिशीपर्यंत बावीस वर्षे मिळतात.

आता सुपारीकडे येऊ. सुपारी आपल्या भाषेतच मुरलेली आहे. लग्न ठरले की सुपारी फुटते. पूजेत गणपती म्हणून आपण सुपारीच मांडतो. आमच्या आजोळी पितळी पानपुडा होता, त्यात अडकित्ता, चुन्याची डबी, कात, आणि सणाच्या दिवशी त्रयोदशगुणी विडा. जेवणानंतर आजोबा सुपारी कातरीत तो कट्‌कट्‌ आवाज आम्हाला अजून आठवतो. हे सगळे आम्ही तिरस्काराने लिहीत नाही. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तंबाखू घातलेली सुपारी नव्हे, नुसती सुपारी. "ह्यात तंबाखू नाही" या वाक्याला हे उत्तर आहे, आणि ते त्या मुलाला देण्याआधी आम्हाला स्वतःला शिकावे लागले.

सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचे द्रव्य असते. तिच्यात निकोटीन नसते, पण अ‍ॅरेकोलिन स्वतःच चटक लावते. अंग किंचित गरम होते, घाम येतो, तरतरी वाटते, आणि मग दुपारी तीन वाजता हात आपोआप खिशाकडे जातो. हेच द्रव्य गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजन नावाचे तंतू जास्त बनवायला लावते. सुपारीत तांब्याचा अंशही बराच असतो, आणि तो या तंतूंना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या रसायनाला जोर देतो. एरवी जुने तंतू विरघळून जातात. हे विरघळत नाहीत. गालाचे मऊ अस्तर हळूहळू चिवट, पांढुरके आणि ताठ होत जाते. जबड्याच्या दोन्ही बाजूंना आतून जणू पट्टे आवळले जातात आणि तोंड उघडेनासे होते. या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी तो पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांत पाहिला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी तो इथल्या रोग्यांत वर्णिला. आफ्रिकेत जाऊन राहिलेल्या बायकांनी सुपारीची सवय बरोबर नेली आणि रोगही बरोबर गेला. हा कर्करोग नव्हे. पण ज्यांना तो होतो त्यांच्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो, आणि ताठ झालेले अस्तर बहुधा पूर्वीसारखे होत नाही.

आमच्या शाळेत एक जुने कर्मचारी होते. पंचवीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा वाजविली. मुले त्यांना घंटावाले काका म्हणत. विडी नाही, दारू नाही, तंबाखूला हात नाही. गोड सुपारी मात्र दिवसभर गालात. रोज सकाळी शाळेत येण्याआधी ते कोपऱ्यावर पोहे खात आणि त्यावर जिरावन इतके घेत की पोहेवाला चेष्टा करी. एका वर्षी त्यांनी जिरावन सोडले. मग शेव सोडली. म्हणाले, "साहेब, आता झोंबते, वय झाले." आम्हीही मान डोलावली. पुढे जिलबीचा तुकडा मोडून तोंडात घालावा लागू लागला. दात दाखवायला गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरांना तोंडात आरसा घालता येईना. तिखट झोंबणे हे या रोगाचे पहिल्या लक्षणांपैकी एक आहे, हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते तर निदान दोन वर्षे आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठविले असते. ही आमची चूक आम्हाला टोचते. रोज समोर दिसणारा माणूस आम्ही वयाच्या खात्यात टाकून मोकळे झालो. त्यांनी त्या दिवसापासून सुपारी बंद केली. तोंडाचे व्यायाम करतात, दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात, आणि आजपर्यंत कर्करोग नाही. तोंड मात्र दीड बोट उघडते.

बोटांचा हिशेब असा. आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडावे आणि स्वतःचीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून पाहावीत. तिन्ही बोटे आरामात मावायला हवीत. दोनच जात असतील तर दाखवायला जावे. लहान मुलाच्या तोंडाला त्याचीच बोटे माप असतात, म्हणून फूटपट्टीची गरज नाही. मागच्या आठवड्यात शिक्षक-कक्षात आम्ही सगळ्यांनी ही परीक्षा दिली. थोडी हसाहस झाली आणि दोन शिक्षक गप्प झाले. त्यांची नावे अर्थातच लिहिणार नाही. दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले.

सुपारीत तंबाखू मिसळली की संकट एकदम वाढते. न ओढता नुसत्या चघळलेल्या तंबाखूतही नायट्रोसमाइन नावाची कर्ककारक द्रव्ये असतात, आणि चुना लावल्याने निकोटीन गालातून लवकर रक्तात उतरते. म्हणूनच चुन्याशिवाय तंबाखू "लागत नाही". आपल्यातल्या काही घरांत अजून मशेरी आहे. ती दातांचे औषध म्हणून लावली जाते, पण ती भाजलेली तंबाखूच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे जवळजवळ दुप्पट होते. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रोगी होते आणि पुरुषांत पहिला क्रमांक ओठ व तोंडाच्या कर्करोगाचा होता. श्रीमंत देशांत असे चित्र नाही. हा आपल्या गालात ठेवलेल्या वस्तूंचा परिणाम आहे.

आपल्या मध्य प्रदेशाने या बाबतीत पुढाकार घेतला होता. १ एप्रिल २०१२ पासून गुटखाबंदी लागू करणारे, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली, हे पहिले राज्य. पण मग बाजाराने काय केले? पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही पुड्या एकाच दोरीला शेजारी-शेजारी लटकतात आणि गुटखा गिऱ्हाईकाच्या तळहातावर तयार होतो. बंदी कागदावर पूर्ण आणि तळहातावर अपुरी.

२००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० गजांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालील कोणालाही ते विकता येत नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. १०० गज म्हणजे सुमारे ९१ मीटर. नववीच्या मुलांना गणिताच्या तासाला टेप देऊन आम्ही फाटकापासून मोजायला लावले. दोन गुमट्या आत निघाल्या. एक जण समजुतीने सरकला. दुसऱ्याची मुलगी आपल्याच शाळेत सहावीत आहे. तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, हटवा, पण फी कुठून भरू?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या खिशात नव्हते. सध्या त्याने पुढची दोरी काढून बिस्किटे आणि पेन-पेन्सिली लावल्या आहेत. मागे काय आहे ते आम्ही रोज पाहत नाही. पण गणवेशातल्या मुलाला तो सुपारी देत नाही एवढे त्याने कबूल केले आहे. पालकांनीही जाता-येता लक्ष ठेवावे, आणि स्वतःसाठी पुडी आणायला मुलाला कृपया पाठवू नये. त्या चौदांपैकी तीन पुड्या अशाच "बाबांच्या" होत्या.

तोंडाचा कर्करोग आमच्या दाराशी आहे म्हणून त्यावर इतके लिहिले. बाकीच्या कारणांचा धावता उल्लेख करतो. मद्य पहिल्याच गटात आहे, आणि तंबाखूबरोबर घेतले तर तोंड-घशाचा धोका बेरजेने वाढत नाही, त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. "थोडी घेतली तर औषधी" हे कर्करोगाच्या बाबतीत खरे नाही. वाढलेले वजन १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडलेले आहे, तेव्हा संध्याकाळी मुलांना मैदानात सोडणे हे फक्त अभ्यासाच्या थकव्यासाठी नाही. शहराची दूषित हवा २०१३ पासून पहिल्या गटात आहे, डिझेलचा धूर त्याच्या एक वर्ष आधीपासून. आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत नावाजले गेले याचा आम्हाला फार अभिमान आहे, पण रस्ता झाडल्याने हवा स्वच्छ होत नाही. शाळा सुटताना फाटकापुढे स्कूल-व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या राहत. आता बंद ठेवतात. छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅसबेस्टॉसचे असू शकतात. ते जसेच्या तसे असताना धोका कमी, पण कापताना किंवा भोक पाडताना उडणारा भुगा फुप्फुसात जातो, म्हणून ते काम मुलांसमोर करू नये आणि करणाऱ्यानेही मास्कशिवाय करू नये. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका फेकून द्यावेत. त्यातले अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग करते आणि शिजवूनही पुरते जात नाही. ताज्या भुट्ट्याच्या किसाचा याच्याशी काही संबंध नाही, तो निश्चिंत खावा!

संसर्गाने होणारे कर्करोग हा भाग पालकांना बहुधा नवीन वाटेल. हिपॅटायटिस बी च्या विषाणूने यकृताचा आणि एचपीव्ही विषाणूने गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. दुसऱ्या शोधासाठी जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. दोन्हींवर लस आहे. एचपीव्हीची लस मुलींना ९ ते १४ या वयात दिल्यास सर्वांत उपयोगी पडते, आणि २०२२ मध्ये मान्यता मिळालेली एक लस आपल्या पुण्यातच तयार होते. पाचवी ते नववीच्या मुलींच्या पालकांनी हा विषय संकोच न करता आपल्या डॉक्टरांकडे काढावा. आमच्याकडे माता-सभेत हा विषय निघाला तेव्हा सुरुवातीला कोणी बोलेना. शेवटी सर्वांत वयस्कर आजींनी प्रश्न विचारला आणि मग पाऊण तास सभा संपेना.

एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतले मथळे फार घाबरवितात. या "पहिल्या गटा"चा अर्थ पुरावा पक्का आहे एवढाच. धोका सारखाच मोठा आहे असा त्याचा अर्थ नाही. २०१५ मध्ये सॉसेज-बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात आले, म्हणून ते सिगारेटइतके घातक ठरत नाही. मोबाइलच्या लहरी २०११ मध्ये "कदाचित" या गटात ठेवल्या गेल्या होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. गंमत अशी की मोबाइल टॉवरच्या विरोधात आमच्याकडे सह्यांचे पत्र घेऊन आलेल्या मंडळींतल्या दोघांच्या गालात त्या वेळी पुडी होती. आम्ही सही केली नाही आणि पुडीविषयीही बोललो नाही. बोलायला हवे होते.

आणि हेही स्पष्ट लिहितो की कर्करोग स्पर्शाने होत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने होत नाही. ज्याने कधी काही चघळले-ओढले नाही त्यालाही तो होऊ शकतो, म्हणून कोणाच्या आजारपणात "काय खात होता हो?" हा पहिला प्रश्न नसावा.

लक्षणे अशी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरे न होणारे तोंड आलेले, तिखट अचानक झोंबू लागणे, गिळताना त्रास, मानेत गाठ, आणि तीन बोटे न जाणे. केरळमध्ये त्रिवेंद्रमजवळ झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साध्या प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसते तोंड उघडून पाहिले. तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही, उजेड आणि बघणारी नजर. सोडणाऱ्यालाही फायदा मिळतो. धूम्रपान सोडल्यावर ५ ते १० वर्षांत तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे, तिथे समजावून मदत करतात.

शाळेपुरते आम्ही एवढे केले आहे. स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवात पाहुण्यांना देण्याच्या तबकातून सुपारी काढली. पूजेतली सुपारी पूजेतच राहील, तिला कोणी हात लावणार नाही. या निर्णयावर जुन्या सभासदांपैकी एक-दोघांची नाराजी झाली. "विडा दिला नाही तर पाहुणचार कसला?" असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांचा मुद्दा आम्हाला पूर्ण खोटा वाटत नाही. हळदीकुंकवाला आता पान, बडीशेप आणि खोबऱ्याचा तुकडा देतो. आमच्या टेबलावरच्या तबकडीत सुपारीच्या कप्प्यात बाळंतशोपा आहे. घंटावाले काका अधूनमधून भेटायला येतात तेव्हा चिमूटभर घेतात.

आठवीतल्या त्या मुलाने घरी जाऊन आजीला तीन बोटे घालायला सांगितली. दोनच गेली. आजी सुनेबरोबर शाळेत आल्या, आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने, जी आता दातांची डॉक्टर आहे, त्यांचे तोंड पाहिले. रोग सुरुवातीचा आहे, कर्करोग नाही. जाताना त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढून आमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, घरात राहिला तर हात जाईल, तुम्ही ठेवा. तो सध्या आमच्या कपाटात आहे.

पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ९ ते १२ या वेळात वाचनालयाच्या खोलीत पालक, आजी-आजोबा आणि कर्मचारी यांच्यासाठी तोंडाची निःशुल्क तपासणी ठेवली आहे. नाव वर्गशिक्षकांकडे द्यावे. गुमटीवाल्या पालकांनाही आम्ही स्वतः जाऊन निमंत्रण दिले आहे. येताना तोंडात काही नसावे.